तळघरात पाणी, वरच्या मजल्यांवर आग

शनिवार, १९ एप्रिल १९९७. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स या जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या शहरात रेड नदी घुसली होती. बहुतेक लोक गाव सोडून गेले होते. भर बाजारपेठेत कमरेइतकं बर्फगार पाणी होतं आणि त्या पाण्यातून होड्या फिरत होत्या. दुपारी सिक्युरिटी बिल्डिंग नावाच्या जुन्या इमारतीतून धूर यायला लागला. संध्याकाळ होता होता आग शेजारच्या इमारतींवर उडाली. शेवटी अकरा इमारती गेल्या.

चहूबाजूंना पाणी, आणि मधोमध शहर जळतंय. त्या दुपारचे फोटो पाहिले की पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वासच बसत नाही. माझा मात्र चटकन बसला. मी सांगलीत वायरिंगची कामं घेतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर घराघरातले बोर्ड उघडण्यात आमचे दोन महिने गेले, आणि त्या बोर्डांमध्ये जे दिसलं ते पाहिल्यावर आग लागण्यापेक्षा न लागण्याचंच नवल वाटायला लागलं.

पाण्याचा अंदाज

रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, आणि ते पाणी उत्तरेला जातं तेव्हा तिकडे नदी अजून गोठलेली असते. त्यात हे खोरं म्हणजे एका हिमयुगीन सरोवराचा तळ, ताटासारखा सपाट. नदी पात्राबाहेर आली की पसरतच जाते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्या भागात आठ मोठी हिमवादळं झाली. शेवटचं, ५-६ एप्रिलचं, तर पूर तोंडावर आलेला असताना आलं.

हवामान खात्याने ४९ फुटांचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर भिस्त ठेवून लोकांनी वाळूच्या पोत्यांचे बांध उंच केले, वर थोडी जास्तीची उंची ठेवली. १८ तारखेला बांध फुटायला लागले. पाणी थांबलं ते ५४ फुटांच्याही वर जाऊन.

सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात इथे 'आयर्विनला किती?' हा प्रश्न चहाच्या टपरीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे चालतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चं पाणी ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी २०१९ मध्ये त्याच खुणेच्या हिशेबाने सामान वर ठेवलं, आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. म्हणजे जो टीव्ही, जो इन्व्हर्टर, जो मीटर 'इथे काही पाणी येत नाही' म्हणून जागेवर सोडला होता, तोच बुडाला. आगीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाणी येणार हे पक्कं माहीत असतं तिथे माणूस मेन बंद करतो. येणार नाही अशी खात्री असते तिथली लाईट तो चालूच ठेवून जातो.

ती दुपार

सिक्युरिटी बिल्डिंगमधली ठिणगी पाण्यात गेलेल्या तळघरातल्या विजेच्या यंत्रणेत पडली असं मानलं जातं. तळघर बुडालेलं, वरचे मजले कोरडे. आगीला याहून सोयीची रचना नाही. खाली शॉर्टसर्किट, वर लाकडी तक्तपोशी, फर्निचर, कागद. पाणी आगीच्या पायाशी होतं, पण आग वर चढत होती.

अग्निशामक दलाच्या लोकांपुढे पहिलं काम माणसांचं होतं, कारण गाव सोडा असं सांगूनही काही जण वरच्या मजल्यांवर राहिले होते. त्यांना काढण्यात सुरुवातीचा वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. मग आगीकडे वळल्यावर लक्षात आलं की हातात काहीच नाही. रस्त्यावरचे हायड्रंट, म्हणजे बंबांना पाणी देणारे नळ, पाण्याखाली गेलेले, जे सापडले त्यांना दाब नाही, कारण शहराची पाणीपुरवठ्याची यंत्रणाच पुराने मोडली होती. बंब खोल पाण्यात चालत नाहीत, इंजिनात पाणी जातं. शेवटी बंब मोठ्या सपाट ट्रेलरवर चढवून बाजारपेठेत आणले. जवान गोठवणाऱ्या पाण्यात उभे राहून होस धरत होते. वरून हेलिकॉप्टर बादल्यांनी पाणी टाकत होती. जंगलातल्या वणव्याला वापरतात ती पद्धत भर शहरात वापरावी लागली. आगीत जीव कुणाचा गेला नाही, हे त्या जवानांचं श्रेय.

तिथल्या स्थानिक दैनिकाची, 'ग्रँड फोर्क्स हेरल्ड'ची, कचेरीही जळाली. शंभरावर वर्षांच्या कात्रणांचा संग्रह त्यात गेला. अंक मात्र एक दिवसही चुकला नाही. मंडळींनी जवळच्या मॅनव्हेल गावातल्या शाळेत बस्तान मांडलं, छपाई सेंट पॉलला केली. पुढच्या वर्षी त्या पत्राला लोकसेवेसाठीचं पुलित्झर मिळालं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता कुणी विचारेल, एवढं पाणी साचलेलं असताना तेच का नाही उपसलं? उपसता येतं, पण पंप त्या पाण्याजवळ न्यावा लागतो, त्याचं इंजिन कोरडं राहावं लागतं, आणि शोषणाऱ्या पाइपात गाळ, पाला, प्लास्टिक अडकत नाही असं पाणी लागतं. पुरात या तिन्ही गोष्टी एका वेळी जमत नाहीत. आपल्याकडे हायड्रंटवर कुणाची भिस्त नसते, बंब स्वतःचं पाणी घेऊन येतो. पण गल्लीत छातीएवढं पाणी असेल तर तो बंब चौकातच उभा राहणार. म्हणून मी ग्रँड फोर्क्सकडे अग्निशमनाचं प्रकरण म्हणून बघत नाही. पुरात आग विझवायला कुणी येईल हे गृहीतच धरू नये, आणि मग सगळा विचार ठिणगीपाशी येऊन थांबतो.

बोर्डाच्या आत

पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पुराच्या पाण्यात माती, खतं, गटारातले क्षार असतात, आणि ते वीज छान वाहून नेतं. पण गंमत अशी की बोर्ड बुडालेला असताना आग लागण्याचा धोका त्या मानाने कमी असतो. माणसाला झटका बसून जीव जाण्याचा धोका तेव्हा सर्वांत मोठा, तो वेगळा. आगीची वेळ बहुतेकदा पाणी ओसरल्यावर येते.

एक बोर्ड आठवतो. गावभागातलं दुमजली घर, खालच्या मजल्यावर साडेपाच फुटांवर पाण्याची रेघ. बोर्ड बाहेरून स्वच्छ पुसलेला, नवा वाटावा असा. स्क्रू काढून झाकण उचललं तर आत सॉकेटच्या मागे साबणाच्या वडीएवढा गाळ बसलेला, वरून वाळून भेगाळलेला, आतून अजून ओला. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्या स्क्रूंमध्ये अर्धा इंच अंतर, आणि त्या अर्ध्या इंचात गाळाचा पूल. त्यावर बारीक काळी रेघ उमटली होती, मुंगीच्या वाटेसारखी.

ती रेघ म्हणजे जळालेला कार्बन. ओल्या गाळातून थोडा प्रवाह वाहतो, त्याच्या उष्णतेने एखादा पट्टा वाळतो, प्रवाह त्या कोरड्या पट्ट्यावरून उडी मारतो, ठिणगी पडते, खालचं प्लास्टिक किंचित जळतं. कार्बन विजेला वाट देतो, म्हणून पुढची ठिणगी त्याच जागी. असं करत करत वाट पक्की होते. त्या वाटेने नुसता एक अँपिअर प्रवाह गेला तरी २३० व्होल्टला २३० वॅट उष्णता एका टिचभर जागेत तयार होते. तारा डाग देऊन जोडायची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते.

मग एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, काय करतो? काहीच नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीला एक अँपिअर म्हणजे कुणीतरी टीव्ही लावला एवढंच वाटतं. गळणारा प्रवाह अर्थिंगकडे जात असेल तर आरसीसीबी, म्हणजे गळतीवर पडणारा खटका, पकडतो, तीस मिलीअँपिअरवरच पडतो. पण फेजकडून न्यूट्रलकडे जाणारी गळती त्यालाही दिसत नाही. शिवाय हे दोघेही पुरात बुडून निघालेले असतात. बाहेरून खटका वर-खाली होतो म्हणजे आतली यंत्रणा शाबूत आहे असं नाही. आतल्या स्प्रिंगला गाळ आणि गंज धरलेला असतो. बुडालेला एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नये, बदलावाच. गिऱ्हाइकं यावर हटकून वाद घालतात, 'अहो चालतोय की', आणि मीही हटकून तेच उत्तर देतो: चालतोय हे दिसतं, पडेल का ते दिसत नाही. जुन्या घरांत अजून कट-आऊट, म्हणजे तारेचे जुने फ्यूज, असतात आणि त्यांत कुणीतरी कधीतरी जाड तार गुंडाळलेली असते. तिथे तर रखवालदारच झोपलेला.

'लाईट आली!'

पुरानंतरचा सर्वांत धोक्याचा क्षण कुठला विचाराल तर हा. आठ-दहा दिवस अंधारात काढलेले लोक. मोबाइल बंद, बोअरची मोटर बंद, घर धुवायला पाणी नाही. महावितरण डीपी तपासून भागाची लाईट सोडतं आणि अख्ख्या गल्लीत ओरडा होतो. ज्याने जाताना मेन बंद केला नव्हता, पंख्याचं बटण चालू ठेवलं होतं, मिक्सर प्लगमध्येच होता, त्याच्या घरात सगळं एकदम सुरू होतं. बऱ्याचदा तो स्वतः तेव्हा घरात नसतो, नातेवाइकांकडे असतो.

म्हणून घर सोडताना मेन खाली, आणि त्याआधी एकेक एमसीबी खाली. कोरडे हात, पायाखाली कोरडी जमीन. पाणी बोर्डापर्यंत आलेलं असेल किंवा तुम्ही पाण्यात उभे असाल तर मेनला हात लावायचा नाही. महावितरणला कळवून खांबावरून तोडून घ्यायचं. आणि दोन गोष्टी ज्या पुष्कळांच्या लक्षात येत नाहीत. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घराला वीज देतच राहतो, त्यामुळे तो स्वतंत्र बंद करून बॅटरीची तार काढायची. आणि छतावर सोलर असेल तर मेन बंद असला तरी ऊन आहे तोवर पॅनेलपासून सोलर इन्व्हर्टरपर्यंतची तार जिवंत असते. ती बुडाली असेल तर तिच्या वाटेला आपण जायचं नाही, बसवणाऱ्यालाच बोलवायचं.

जनरेटर आणणाऱ्यांचं वेगळं प्रकरण. चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर एकमेकांपासून तोडणारा स्विच) न बसवता सॉकेटमधून घराला फीड दिला की ती वीज उलटी लाईनवर जाते, आणि खांबावर चढलेल्या लाईनमनला मारते. गरम इंजिनात पेट्रोल ओतणं ही आगीची दुसरी खात्रीची वाट. आणि जनरेटर घरात, जिन्याखाली, बंद शटरमागे ठेवला तर आगीआधी कार्बन मोनॉक्साइडच माणूस नेतो. त्याला वास नसतो.

विजेशिवायच्या आगी

गॅसचा सिलिंडर पुरात तरंगतो. चौदा किलोचा भरलेला सिलिंडरसुद्धा हलतो, आपटतो, नळी ओढली जाते. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचतो, कोपऱ्यात, मोरीत, गटाराच्या तोंडाशी. बंद घर आठवड्याने उघडताना आधी दार-खिडक्या, मग थोडा वेळ बाहेर. पुराच्या कुजट वासात गॅसचा वास दबतो, त्यामुळे 'वास आला नाही' यावर मी विसंबत नाही. वास आलाच तर कुठलंही बटण चालू करायचं नाही, आणि बंदही करायचं नाही, कारण बंद करतानाही ठिणगी पडते. बाहेर येऊन १९०६ वर फोन. बुडालेला रेग्युलेटर आणि नळी बदलून घ्यायची. रेग्युलेटरच्या आतल्या पडद्यावर गाळ बसतो आणि तो पूर्ण बंद होत नाही. घर सोडण्याआधी वेळ असेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर माडीवर उभा बांधून ठेवावा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत गढूळ पाणी झाकणांच्या भोकांतून शिरतं. ती घरात चार्जिंगला लावली की हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो. बुडालेली बॅटरी चार्ज करू नये, एवढं साधं आहे. ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीचं अजून वाईट, विशेषतः खारं पाणी लागलं तर. २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या, काही तर पूर ओसरून बरेच दिवस झाल्यावर. पाणी वाळलं तरी मीठ आत राहतं. न्यूयॉर्कजवळ ब्रीझी पॉइंटला २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळात शंभरावर घरं जळाली, तीही घराच्या वायरिंगला समुद्राचं पाणी लागल्यामुळे. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: भरतीचं पाणी शिरलेली स्कूटर घराच्या पडवीत ठेवू नये, मोकळ्यावर, भिंतीपासून लांब.

दुकानं-गोदामांत वेगळी भुतं असतात. कळीच्या चुन्याच्या पोत्यात पाणी शिरलं की तो इतका तापतो की शेजारचं गोणपाट करपतं. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन निघतो. फळं पिकवायला कार्बाइडवर बंदी आहे, पण वेल्डिंगच्या दुकानात डबा असू शकतो. डिझेल आणि रॉकेल पाण्यावर तरंगत शेजाऱ्याच्या देवघरातल्या समईपर्यंत जातं. मेणबत्तीबद्दल काय सांगायचं, टॉर्च वापरा.

आणि कडबा. याकडे शहरातल्या माणसाचं लक्ष जात नाही, शिरोळ-पलूसकडच्या शेतकऱ्याचं जातं. भिजलेली वैरण वरवर सुकवून पुन्हा गंजीला रचली की आत जिवाणू काम करतात, गंजी तापते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, आपोआप पेटते. जवळ ना तार, ना काडी. गंजीत लोखंडी सळई खुपसून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. ओढून काढल्यावर हातात धरवत नसेल तर गंजी धोक्यात आहे. अशी तापलेली गंजी घाईने फोडू नये. हवा आत गेली की भडका उडतो. अग्निशामक दल जवळ असताना, पाण्याची सोय ठेवून उकलायची.

वाट बघता येत नाही तेव्हा

सल्ला देणं सोपं आहे. 'वायरमनला दाखवल्याशिवाय लाईट चालू करू नका' हे मी शंभर घरांत सांगितलं असेन. पण पुरानंतर वायरमन मिळतो कुठे? आम्ही चौघे, आणि यादी दोनशे घरांची. पंचनामा व्हायचा आहे म्हणून लोक सामान हलवत नाहीत, भिंती ओल्या, वायरच्या कंड्यूट पाइपात वाटीभर पाणी साचलेलं. मेगर, म्हणजे वायरमधून गळती आहे का ते दाखवणारं यंत्र, लावला की काटा तळाशी. अशा घराला 'पंधरा दिवस थांबा' म्हटलं तर माणसं ऐकत नाहीत, आणि शेजारच्या पोराकडून जोडून घेतात. ते जास्त धोक्याचं.

म्हणून आम्ही एक तोड काढली. त्या साबणाच्या वडीएवढ्या गाळाच्या घरात आजी, त्यांची सून आणि दोन नातवंडं होती. आजी मला म्हणाल्या, "अरे, मला काही घरभर नको. रात्री उठले तर पाय कुठे ठेवायचा तेवढं दिसू दे." जुनं वायरिंग आम्ही मीटरच्या पुढे पूर्ण तोडलं. मीटर महावितरणने आधीच बदलून दिला होता. पाण्याच्या रेघेच्या दीड फूट वर, माडीच्या जिन्याशी, एक फळी ठोकली. तिच्यावर नवा डबल पोल एमसीबी, नवा तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंगसह एक सॉकेट, एक होल्डर. वायर नवी, भिंतीवरून उघडी नेलेली, म्हणजे काय चाललंय ते दिसतं. त्यावर दिवा आणि मोबाइल, बाकी काही नाही. तासाभराचं काम.

सून म्हणाली, फ्रिज लावू का, मागच्या बाजूला पाणी गेलं नव्हतं. मी फ्रिज पुढे ओढून तिला कॉम्प्रेसरच्या शेजारचा रिले दाखवला. झाकणाच्या आत चिखल होता. तिने काही न बोलता प्लग माझ्या हातात दिला.

पुढे एकोणीस दिवसांनी मेगरचा काटा पहिल्यांदा जागचा हलला. एकेक सर्किट तपासून, सॉकेट आणि एमसीबी बदलून, दर खोलीला निदान एक दिवस नजर ठेवून आम्ही ते घर पूर्ववत केलं. स्वयंपाकघराची वायर दोनदा नापास झाली, ती नवी ओढली. जिन्याजवळची फळी काढायला गेलो तर आजींनी काढू दिली नाही. ती अजून तिथेच आहे. पाऊस लागला की आजी खालचे सगळे एमसीबी पाडतात आणि तेवढाच एक दिवा चालू ठेवतात.